हँडलचं माप

आठवड्यात सात संध्याकाळी येतात, पण ऑर्विन टेस्डालच्या लेखी संध्याकाळ एकच, शुक्रवारची. बाकीच्या नुसत्या अंधार पडायचा म्हणून येत. शुक्रवारी गावातली मोटरसायकलवाली मंडळी पेट्रोल पंपाशी जमायची. तिथून तिरक्या दुहेरी ओळीत मिसिसिपीकाठच्या टेकड्यांमधून निघायची, कुठल्यातरी गावच्या खाणावळीत तळलेला मासा आणि बटाटे खायची आणि ऊन कलता कलता परतायची. दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालेल्या, बायको गेलेल्या, मुलगी दूर समुद्राकाठच्या शहरात नांदत असलेल्या माणसाला माणसांत बसायचं एवढंच निमित्त उरलं होतं.

आणि नेमकं तेच हातचं चाललं होतं. हिवाळ्यात टपालपेटीपर्यंत जाताना बर्फावरून तो घसरला आणि डाव्या खांद्यावर आपटला. डॉक्टरांनी सांधा बदलला. "चमचा तोंडापर्यंत जाईल, शर्टाची बटणं लागतील," ते म्हणाले, "पण हात खांद्याच्या वर नेऊन तिथं धरून ठेवणं, ते आता विसरा." ऑर्विनच्या गाडीचं हँडल नेमकं तसलं होतं. लांबलचक, जड, रुबाबदार गाडी, आणि तिचं हँडल शिंगांसारखं वर चढलेलं. मुठी धरायच्या तर हात थेट खांद्याच्या पातळीला. लग्नाच्या आधी बसवलेलं ते हँडल. लांबून नुसती सावली दिसली तरी लोक म्हणत, ऑर्विन आला.

उन्हाळा लागल्यावर दोन शुक्रवार तो पिकअप घेऊन खाणावळीत गेला. जेवण तेच, टेबल तेच. पण गप्पा वाटेवरच्या. कुठल्या वळणावर हरीण आडवं आलं, कुठं खडी पसरली होती, कुणाची गाडी कशी सरकली. ऑर्विन ऐकत होता. लग्नाला न गेलेला माणूस लग्नाचे फोटो बघतो, तसं.

"तीनचाकी घे ना लेका," वॅली म्हणाला. वॅलीचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि जीभ दुकानातल्या करवतीसारखी. "मागं टोपलीपण येते. किराणा होईल."

"तूच घे, आणि बायकोला चालवू दे. तू मागच्या टोपलीत बस, शोभून दिसशील."

सगळे हसले. मग बिलं चुकती झाली, सगळ्यांनी एकदम गाड्या चालू केल्या आणि खाणावळीच्या काचा थरथरल्या. धूळ खाली बसली तेव्हा आवारात पिकअप होती आणि तिच्यापाशी किल्ल्या हातात घेऊन ऑर्विन.

म्हणून तो ला क्रॉस शहरात गेला, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात. गल्ल्यामागं ट्रिना नावाची बाई होती. मनगटापासून गळ्यापर्यंत गोंदलेली, आणि बोलायला गोड.

"कितपत खाली हवंय?"

"थोडं."

"थोडं म्हणजे? हँडलं काय मिठासारखी थोडी नि जास्त मिळतात होय?" ती हसली. "हे बघा काका, डोळ्यांनी हँडल निवडायचं नाही. गाडीवर बसायचं. गाडी सरळ उभी हवी हं, स्टँडवर कललेली नाही. कललेल्या गाडीवर अंग वाकडं बसतं आणि माप चुकतं. मग खांदे सैल सोडायचे, डोळे मिटायचे आणि हात आपसूक पुढं येतील तिथं येऊ द्यायचे. ते जिथं थांबतील तिथं मुठी हव्यात. हँडल ज्या ठोकळ्यांत बसतं तिथपासून हातापर्यंतचं अंतर बायकोला मोजायला सांगा. बस, एवढं आणून द्या. मी हँडल देते."

"बरं," ऑर्विन म्हणाला.

घरी येऊन त्यानं गॅरेजचं दार उघडलं आणि गाडीवर बसला. आता बघा, देवानं माणसाला दोन हात दिले ते काही कमी नाहीत. नांगरायला, जेवायला, जोडायला दोन पुरतात. पण ते दोन्ही हात कुठं पोहोचतात हे मोजायचं म्हटलं की दुसऱ्या कुणाचा तरी हात लागतो. ऑर्विननं गाडी स्टँडवरच ठेवली, कारण सरळ धरणार कोण? डोळे मिटले. हात पुढं केले. मग टेप धरायची म्हणून डोळे उघडले, टेपचं टोक दातांत धरलं, मान वाकवली. तसे खांदे वर चढले आणि हातही वर गेले. त्यानं आकडा वाचला. जुन्या हँडलपेक्षा थोडंसंच कमी निघालं. त्याला बरं वाटलं.

खरं माप ते नव्हतं. त्याला जे व्हायला हवं होतं त्याचं ते माप होतं.

हँडल आलं. तेही उंचच, पण जरा शहाण्यासारखं. जुनं काढताना मुठी निघेनात, त्या त्यानं ब्लेडनं चिरल्या. बोल्ट सैल करताना जड हँडल टाकीवर कोसळू लागलं, ते त्यानं छातीनं अडवलं. टाकी वाचली, बरगडी सुजली. नवं बसवून, केबली बांधून तो मागं सरकून उभा राहिला. सावली जवळजवळ पूर्वीचीच पडली होती.

शुक्रवारी तो पंपावर आला तेव्हा गेलननं टोपी किंचित वर केली. गेलन अमुंडसन म्हणजे मंडळींचा म्होरक्या. गावाबाहेर गाईंचा गोठा असलेला, तोंडातून शब्द मोजून काढणारा. तरुणपणापासून त्याची गाडी पुढं आणि ऑर्विनची त्याच्या तिरकी मागं, अशी जागा ठरलेली. "आलास," तो म्हणाला. "आलो," ऑर्विन म्हणाला. त्या दोघांत एवढं पुष्कळ होतं.

टेकड्या सुरू झाल्या तेव्हाच खांदा बोलू लागला. आधी मुंग्या, मग चटका, मग कुणी दाभण फिरवावं तसं. ऑर्विन ओळीत मागं मागं सरकत गेला. शेवटी डाव्या हाताची बोटं क्लच दाबेनाशी झाली तेव्हा तो एका शेताच्या तोंडाशी कच्च्यात उतरला आणि थांबला. पुढच्यांचा आवाज वळणामागं विरून गेला.

ओळीच्या शेवटी वॅली असायचा. कुणी थांबलं तर त्यानं थांबायचं, असा नेम.

"काय झालं रे?"

"काही नाही. टाकीचं झाकण बघतोय. हो तू पुढं."

"थांबतो की."

"नको नको. मासा गार होईल."

वॅलीनं हेल्मेटची काच वर केली. या वेळी आवाजात करवत नव्हती. "ऑर्विन, मी थांबू का?"

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात कुणी काही देऊ केलं तर दोनदा नको म्हणायचं असतं. पहिला नकार मान राखायला. दुसरा, समोरच्याला सुटायचं असेल तर वाट मोकळी करायला. तिसऱ्यांदा विचारलं म्हणजे ते मनापासून, मग म्हणायचं, "बरं, अगदीच म्हणतोस तर." पाळण्यातून उतरलेल्या पोरालाही हे कळतं. आणि तिसऱ्यांदाही कुणी नको म्हणालं तर ते खरंच नको. त्यानंतर विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या कुंपणावरून उडी मारून आत जाणं.

"नको," ऑर्विन म्हणाला.

वॅलीनं काच खाली केली आणि तो गेला.

ऑर्विन कुंपणाला टेकून उभा राहिला. मक्याची रोपं गुडघ्याएवढी झाली होती. हात छातीशी धरून उभा असताना त्याला आठवलं, हे असं त्यानं आधीही केलं होतं. आर्डिस, त्याची बायको, गेली त्या हिवाळ्यात गेलन तीनदा आला होता. "जेवायला चल. मार्लिसनं भाजलंय काहीतरी." मार्लिस म्हणजे गेलनची बायको. दोनदा ऑर्विननं रीतीप्रमाणं नको म्हटलं. तिसऱ्यांदा गेलन आला तेव्हा दाराआडच्या खुंटीवर आर्डिसचा कोट होता, आणि तो कोट सोडून दुसऱ्याच्या उजेडाच्या घरात जाऊन बसणं त्याला जमेना. तो नको म्हणाला. गेलननं टोपी काढली, पुन्हा घातली आणि गेला. नंतर तो भेटायचा, बोलायचा, शुक्रवारी पुढं असायचा. पण त्यानं पुन्हा कधी काही विचारलं नाही. कसं विचारणार? ऑर्विननंच कुंपण घातलं होतं, आणि ते पाळण्याइतका गेलन सज्जन होता.

खांदा निवल्यावर तो सावकाश घरी आला. रविवारी सकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, विकून टाका आता ती गाडी. मला झोप लागत नाही." "बघतो," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच कळलं की या वेळी तो खरंच बघणार होता.

मग तो देवळात गेला, म्हणजे आमच्या लाकडी चर्चमध्ये. तिथले म्हातारे पास्टर प्रवचन करता करता गाऊ लागत. ठरवून नव्हे. गोष्ट अशा जागी यायची की बोलणं तिला अपुरं पडायचं, आणि मग सूर आपोआप लागायचा. ज्यांनी असं प्रवचन ऐकलंय त्यांना सांगायला नको. पाठीचा कणा ताठ होतो आणि डोळे मात्र ओले होतात. त्या दिवशी गोष्ट होती बायबलातल्या एका लढाईची. टेकडीवर म्हातारा संदेष्टा हात उंच धरून उभा आहे. हात वर आहेत तोवर त्याच्या माणसांची सरशी, खाली आले की पीछेहाट. पण हात ते, किती वेळ टिकणार? थरथरायला लागले. मग दोघं पुढं आले. त्यांनी आधी म्हाताऱ्याला बसायला दगड आणून दिला, आणि मग एकानं या बाजूनं, एकानं त्या बाजूनं त्याचे हात धरले, सूर्य मावळेपर्यंत. इथं पास्टरांचा आवाज वर चढला आणि बायाबापड्या गुणगुणू लागल्या.

ऑर्विनला राग आला. त्याला वाटलं, हे मुद्दाम आपल्यासाठी. गावात कळलंय सगळं. तो कॉफीलाही थांबला नाही. पण पिकअपमध्ये बसल्यावर एक गोष्ट त्याच्या मनातून जाईना. त्या म्हाताऱ्याला कुणी विचारलं होतं की नाही, आणि विचारलं असेल तर तो काय म्हणाला, ते पास्टरांनी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो गेलनच्या शेतावर गेला. गेलन गवत कापायच्या यंत्राखाली शिरला होता, नुसते बूट बाहेर.

"गवत बरं आलंय," ऑर्विन बुटांना म्हणाला.

"बरं आलंय."

"वाळेपर्यंत पाऊस नाही आला म्हणजे झालं."

"आला तर येईल."

मार्लिसनं घरातून हाक मारली. कॉफी झाली, रुबार्बच्या आंबट देठांचा केक झाला, कुणाची गाय व्याली, कुणाचा गुडघा बदलला, सगळं झालं. जे बोलायला आला होता ते मात्र दाताच्या मागंच राहिलं. तो उठला. आमच्याकडे निरोप घ्यायला भेटीपेक्षा जास्त वेळ लागतो. स्वयंपाकघरात एकदा, दारात एकदा, अंगणात एकदा. तेही सगळं संपलं. तो पिकअपमध्ये बसला, गाडी चालू केली, काच खाली केली. गेलन दारावर कोपर टेकून उभा होता.

ऑर्विन समोरच्या काचेतून गोठ्याकडे बघत म्हणाला, "गेलन, मला माप घ्यायला माणूस हवाय."

"कसलं माप?"

"माझं."

"मग शवपेटीवाल्याला बोलव. तो फुकट घेतो."

ऑर्विन हसला नाही. "हँडलसाठी. हात वर जात नाही माझा. एकट्याला माप घेता येत नाही. मी घेतलं ते चुकलं." एवढं बोलून त्याला धाप लागली.

गेलननं दारावरचं कोपर काढलं. मग घराकडे वळून ओरडला, "मार्लिस! शिवणाची टेप घे. ऑर्विनकडे जायचंय."

ऑर्विनच्या गॅरेजमध्ये गेलननं पुढचं चाक गुडघ्यांत पकडून गाडी सरळ उभी धरली, अडेल वासराला धरावं तशी. मार्लिसनं टेप गळ्यात अडकवली होती.

"डोळे मिट," ती म्हणाली. "चोरून बघायचं नाही. खांदे पाड. अजून पाड. चर्चमध्ये बसल्यासारखा काय बसलायस? हं. आता हात."

ऑर्विननं डोळे मिटले. अंधारात गेलनचा श्वास ऐकू येत होता. हात पुढं निघाले. उजवा गेला, डावा अर्ध्यावर थांबला. त्यानं तो रेटला.

"रेटू नकोस," मार्लिस हळू म्हणाली. "थांबतोय तिथंच थांबू दे."

त्यानं थांबू दिला. टेपचं गार टोक मनगटाला लागलं आणि पाठोपाठ तिची कोरडी बोटं. इस्पितळातून आल्यापासून त्याच्या हाताला कुणाचा हात लागला नव्हता. पंचायत अशी की डोळे मिटलेले असूनही भरून आले, आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

"उघड."

त्यानं खाली पाहिलं. त्याचे हात पोटासमोर होते. डावा थोडा खाली.

"लोकरीची लड धरल्यासारखे," मार्लिस म्हणाली.

"धरायचो मी," ऑर्विन म्हणाला. "आर्डिस गुंडाळायची."

मार्लिसनं टेप बोटांभोवती गुंडाळली. मग गेलननं घसा खाकरला. "म्हाताऱ्यांचं हँडल लागणार तुला."

"माहितीये."

"खाली, मागं वळलेलं. आरामखुर्चीच्या हातांसारखं."

"माहितीये म्हटलं ना!"

"माझं तसंच आहे," गेलन म्हणाला. "मागच्या उन्हाळ्यापासून. मनगटं गेली ना दूध काढून काढून. मार्लिसनंच माप घेतलं."

ऑर्विन त्याच्याकडे बघत राहिला. मागचा अख्खा उन्हाळा तो या माणसाच्या तिरका मागं होता, आणि त्याला ते हँडल दिसलं नव्हतं.

"तू बोलला नाहीस."

"तू विचारलं नाहीस," गेलन म्हणाला. त्यात तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

ट्रिनानं माप बघितलं, मागच्या फळीवरून एक हँडल काढलं आणि काही विचारलं नाही. या खेपेला बसवायला गेलन होता. एकानं हँडल तोलून धरायचं, दुसऱ्यानं बोल्ट आवळायचे. पुढचा थोडा, मागचा थोडा, पुन्हा पुढचा. उंच हँडलासाठी घेतलेल्या केबली आणि ब्रेकची नळी आता लांब झाल्या, त्यांच्याऐवजी आखूड आणून जोडाव्या लागल्या, ब्रेकमधली हवा काढावी लागली. हँडल डावीकडे टोकापर्यंत फिरवलं तर मूठ टाकीला टेकत होती आणि अंगठा चेंगरत होता. गेलननं ते केसभर वर फिरवलं. मग उजवीकडे, मग डावीकडे. प्रत्येक टोकाला रेस पिळून सोडली, ती टचकन जागेवर आली. काही ताणलं नाही, काही अडकलं नाही.

"झालं," गेलन म्हणाला, आणि दूध काढायची वेळ झाली म्हणून गेला.

शुक्रवारी पंपावर वॅलीनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "हा कोण पाहुणा? अरे, ऑर्विन! इतकी वर्षं हात वर करून फिरत होतास. सोडलं वाटतं शेवटी पोलिसांनी?"

"तुला धरायला जागा हवी म्हणून सोडलं," ऑर्विन म्हणाला.

गेलन पुढं, ऑर्विन तिरका मागं. टेकड्या आल्या, गेल्या. खांदा गप्प होता. खाली वळलेल्या मुठी पोटाशी होत्या, आणि वारा आता छातीवर नाही तर तोंडावर येत होता. खाणावळीत माशाबरोबर वळणांच्या, खडीच्या गप्पा निघाल्या, आणि "ती खडी पुलाच्या अलीकडे होती, पलीकडे नव्हे" हे सांगणारा ऑर्विन होता. सगळ्यांनी मान डोलावली आणि बोलणं पुढं गेलं. एवढंच झालं. एवढंच त्याला हवं होतं.

परतताना मंडळी एकेका फाट्यावर गळत गेली. कुणी दुधाच्या सोसायटीपाशी वळलं, वॅली दुकानाच्या गल्लीत. शेवटी गेलनचा फाटा आला. त्यानं वळता वळता डावा हात खाली सोडला आणि दोन बोटं रस्त्याकडे केली, मोटरसायकलवाल्यांचा रामराम तो. ऑर्विननंही डावा हात मुठीवरून काढून खाली सोडला. तो हात अलगद गेला.

पुढचा रस्ता त्याच्या एकट्याचा होता. दोन्ही बाजूंना मका, आभाळात थोडी लाली उरलेली, आणि इंजिनाचा एकच आवाज. गॅरेजमध्ये त्यानं गाडी बंद केली आणि तसाच बसून राहिला. तापलेलं लोखंड टिकटिकत होतं, मग तेही थांबलं. आत घर तो सोडून गेला होता तसंच होतं. टेबलावर एकच कप.

आर्डिस असताना जेवणानंतरची प्रार्थना दोघं मोठ्यानं म्हणत. ती गेल्यापासून तो मनातल्या मनात म्हणायचा. जेवण खाणावळीत झालं होतं, तरी त्या संध्याकाळी तो तिच्या खुर्चीसमोर उभा राहिला, हात जिथं आपसूक आले तिथं जोडले, आणि एकट्यानंच ती मोठ्यानं म्हटली. आवाज स्वयंपाकघरभर फिरला आणि कुणी साथ न दिल्यामुळे परत त्याच्याकडेच आला. तरी त्यानं ती शेवटपर्यंत म्हटली.